सत्तेचा पहिला धडा

जून महिना उजाडतो, शाळा उघडतात आणि कोल्हापुरातील घराघरांत नव्या पुस्तकांना कव्हरे घालण्याची लगबग सुरू होते. त्या चळतीत सर्वांत दुर्लक्षित पुस्तक कोणते असेल, तर ते राज्यशास्त्राचे. सहावी ते आठवीत ‘नागरिकशास्त्र’ म्हणून आणि नववी-दहावीत ‘राज्यशास्त्र’ म्हणून ते इतिहासाला जोडून येते. गणिताला शिकवणी असते, विज्ञानाला प्रयोगशाळा असते. राज्यशास्त्राच्या वाट्याला येते ती परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी. राज्याचे घटक चार, शासनाची अंगे तीन, असे आकडे मुले पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि विसरून जातात. पुढे अठरावे वर्ष लागते आणि या विसरलेल्या विषयाच्या बळावर त्यांना देशाचा कारभार कोणाच्या हाती द्यावयाचा, हे ठरवावे लागते.

हे दुर्लक्ष किती महाग पडू शकते, याचा अनुभव कोल्हापूरने अलीकडेच घेतला. कोल्हापूर महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतरची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षांहून अधिक वर्षे शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. २०२० साली आठवी-नववीच्या वर्गात ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हे शब्द वहीत उतरवून घेणारा विद्यार्थी या निवडणुकीत मतदार म्हणून रांगेत उभा राहिला. त्याच्या घडत्या वयाच्या पाच वर्षांत त्याच्या प्रभागाला नगरसेवकच नव्हता. पुस्तकात जे स्वराज्य होते, ते त्याला शहरात कधी पाहावयास मिळाले नाही.

याहून चिंतेची गोष्ट अशी की, या विसंगतीने समाज अस्वस्थ झाला नाही. नळाला पाणी येत होते, रस्त्यावर दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता. मग नगरसेवक नसले म्हणून बिघडले काय, असे सुशिक्षित माणसेही सहज म्हणून जात. या प्रश्नाचे नेमके उत्तर ज्याला देता येईल, त्याला राज्यशास्त्र कळले असे समजावे. आणि हे उत्तर शोधण्यासाठी कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला दूर कोठे जावे लागत नाही. राज्य, सत्ता, अधिकार, सार्वभौमत्व या संकल्पना ज्या भूमीत प्रत्यक्ष घडल्या, झिजल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, अशा भूमीत तो राहतो.

शहरापासून काही कोसांवर पन्हाळगड आहे. १७१४ साली येथे करवीरच्या गादीवर छत्रपती संभाजी, म्हणजे राजाराम महाराजांचे धाकटे पुत्र, बसले. त्यांचा जन्म १६९८ चा. म्हणजे त्यांचे वय आजच्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याइतके होते. त्यांच्या दरबारी रामचंद्रपंत अमात्य होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत असलेला हा मुत्सद्दी. राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा ‘हुकूमतपनाह’ म्हणून महाराष्ट्रातील राज्य त्यांनीच सांभाळले. पाच कारकिर्दी पाहिलेल्या या वृद्ध प्रधानाने १७१५-१६ च्या सुमारास कोवळ्या वयाच्या राजासाठी जे लिहिले, ते ‘आज्ञापत्र’ या नावाने प्रसिद्ध आहे. मराठीतील राजनीतीचे ते पहिल्या प्रतीचे पाठ्यपुस्तक होय, आणि ते एका विद्यार्थ्यासाठीच लिहिले गेले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

राजाने किती बलाढ्य व्हावे एवढेच अमात्यांनी सांगितले असते, तर त्या ग्रंथाचे महत्त्व मर्यादित राहिले असते. अमात्य बळाबरोबरच मर्यादाही सांगतात. आरमाराच्या प्रकरणातील झाडांचा विचार सर्वश्रुत आहे. जहाजे बांधण्यास लाकूड हवे आणि आंबा-फणसाचे लाकूड त्या कामी उपयोगाचेही आहे. राजाकडे सैन्य आहे, कुऱ्हाडी आहेत. झाडे तोडण्यापासून त्याला कोणी अडवू शकत नाही. तरीही ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावला तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, म्हणून ती तोडू नयेत. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच न्यावे, असा तेथे दंडक आहे.

सत्ता आणि अधिकार यांतील भेद यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येणार नाही. दुसऱ्याकडून आपले म्हणणे करवून घेण्याचे सामर्थ्य, ते सत्ता. ते सामर्थ्य वापरण्याला कायद्याचे आणि लोकांच्या मान्यतेचे अधिष्ठान लाभते, तेव्हा त्याला अधिकार म्हणतात. कुऱ्हाड हाती असणे ही सत्ता झाली. झाडाच्या धन्याची संमती घेतल्यावर ती चालवणे हा अधिकार झाला. लुटारूकडेही सत्ता असते आणि तलाठ्याकडेही असते. दोघेही पैसे मागतात. तलाठ्याला आपण सारा भरतो आणि पावती घेतो. लुटारू पावती देत नाही. जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी १९१९ च्या एका व्याख्यानात राज्याची ओळख सांगताना बळाच्या वापरावरील मक्तेदारीला ‘न्याय्य’ म्हणून मान्यता असण्याची अट घातली. ती पाश्चात्त्य जगात मूलभूत मानली जाते. पन्हाळ्यावर हीच अट दोनशे वर्षे आधी, आंबा-फणसाच्या भाषेत, एका तरुण राजाला सांगितली गेली होती.

यापुढची संकल्पना सार्वभौमत्वाची. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक विद्यार्थ्याला पाठ असतात. पण चौथा घटक नसला तर काय होते, हे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. इंग्रजी अंमलातील कोल्हापूर संस्थान हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे. संस्थानाला प्रजा होती, प्रदेश होता, दरबार होता, दिवाण होते. नव्हते ते सार्वभौमत्व. ते लंडनला होते आणि त्याची सावली पोलिटिकल एजंटाच्या रूपाने दरबारावर पडलेली होती. त्याचा अर्थ १८८३ साली अवघ्या महाराष्ट्राला कळला. छत्रपती शिवाजी महाराज (चौथे) यांना वेडसर ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते आणि त्या वर्षी डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. गादी होती, छत्र होते, वंश होता. पण स्वतःच्या देहाचे रक्षण करण्याइतकीही सत्ता राजाच्या हाती उरली नव्हती.

याच प्रकरणात लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारावर त्यांनी वृत्तपत्रांतून टीका केली होती. ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिले, ती बनावट निघाली आणि अब्रूनुकसानीचा खटला ते हरले. या घटनेतून दोन धडे मिळतात. सत्तेला जाब विचारणारा आवाज समाजात असावाच लागतो, हा पहिला. त्या आवाजाच्या हातातील पुरावाही खरा असावा लागतो, हा दुसरा. आज हातातल्या मोबाइलवर आलेला प्रत्येक मजकूर पुढे ढकलणाऱ्या तरुणाने दुसरा धडा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अशा परतंत्र संस्थानात २ एप्रिल १८९४ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला. बाह्य सार्वभौमत्व नव्हते. पण अंतर्गत कारभाराची जी सत्ता होती, ती कशासाठी वापरावयाची हे ठरवणे त्यांच्या हाती होते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सक्ती म्हणजे सत्ताच. परंतु मुलाला शाळेत पाठवण्याची सक्ती आणि मुलाकडून वेठबिगार करून घेण्याची सक्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दंडशक्ती कोणाच्या हिताकरिता वापरली गेली, यावरून राज्याची पारख होते.

महाराजांचा आणखी एक निर्णय राज्यशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, जरी त्याचा उल्लेख शाळेत क्वचितच होतो. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने बरखास्त करून गावोगावी पगारी तलाठी नेमण्यास प्रारंभ केला. गावचे दप्तर पिढ्यानपिढ्या ज्या घरात असे, त्या घराची ती मालमत्ता झाली होती. तलाठ्याचे तसे नाही. तो नेमला जातो, बदलतो, निवृत्त होतो. दप्तर सरकारचे, म्हणजे लोकांचे राहते. पद आणि वतन यांतील ही रेघ छत्रपती शिवाजी महाराजांनी रोख वेतनाच्या धोरणाने ओढली होती. वतनदार हे राज्याचे जणू भागीदारच होऊन बसतात, हा इशारा ‘आज्ञापत्रा’तही आहे. आजच्या लोकशाहीतही एखादा मतदारसंघ, एखादी सहकारी संस्था वा एखादे अध्यक्षपद वडिलांकडून मुलाकडे वहिवाटीने जाऊ लागले, की वतनदारी वेगळ्या नावाने परतली असे समजावे. कायद्याने बुडालेले वतन मनातून बुडावयास वेळ लागतो.

राजा चांगला होता म्हणून राज्य चांगले चालले, ही गोष्ट समाधानाची असली तरी पुरेशी नाही. पुढचा राजा कसा असेल, याची हमी त्यात नसते. म्हणूनच १९३९ साली माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदी मंडळींनी प्रजा परिषद उभारून जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. जबाबदार म्हणजे जाब देण्यास बांधलेली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि एकेकाळी लंडनला असलेले सार्वभौमत्व भारताच्या नागरिकांच्या हाती स्थिर झाले. ती घटना तयार करणाऱ्या सभेत रत्नाप्पा कुंभार हेही सदस्य होते. ज्या शहराने राजाला बंदिवासात मरताना पाहिले, त्याच शहरातील रिक्षावाल्याच्या आणि प्राध्यापकाच्या मताचे मोल सारखे झाले. सत्तर वर्षांतील हा प्रवास ज्याला उमगला, त्याला सार्वभौमत्वाची व्याख्या घोकावी लागणार नाही.

सत्ता लोकांची झाली, तरी ती एका ठिकाणी साचू देणे धोक्याचेच असते. १७४८ साली फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी कायदा करणे, तो राबवणे आणि त्यानुसार न्याय देणे ही कामे एका हातात नसावीत, असा सिद्धान्त मांडला. त्याचे ताजे उदाहरणही कोल्हापुरातच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरास व्हावे, यासाठी सहा जिल्ह्यांतील वकील आणि नागरिक सुमारे चार दशके झगडत होते. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, मुख्यमंत्र्यांना निवेदने दिली गेली. परंतु हा निर्णय कोणाच्या अधिकारात आहे? राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ मधील कलम ५१ (३) अन्वये राज्यपालांच्या मान्यतेने असे ठिकाण ठरवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना आहे. शासन शिफारस करू शकते, निधी आणि इमारत देऊ शकते. न्यायासन कोठे बसावे, हे न्यायसंस्था ठरवते. १ ऑगस्ट २०२५ रोजी तशी अधिसूचना निघाली, १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पक्षकाराला आता प्रत्येक तारखेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. ‘न्यायसंस्था स्वतंत्र आहे’ हे पाठ्यपुस्तकातील वाक्य या एका घटनेने जितके स्पष्ट होते, तितके दहा पानी टिपणाने होणार नाही.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. नगरसेवक नसले म्हणून बिघडले काय? महानगरपालिकेचा अर्थसंकल्प कसा होतो, हे पाहिले की उत्तर मिळते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, स्थायी समिती ते तपासते, सर्वसाधारण सभा त्यावर चर्चा करून मंजुरी देते. मागणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशी ही तीन वेगळी ठिकाणे आहेत. प्रशासकाच्या राजवटीत समितीचे आणि सभेचे अधिकारही प्रशासकाकडेच येतात. म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच सही. ती सही करणारा अधिकारी कितीही सचोटीचा आणि कर्तबगार असो, त्याला सभागृहात उभे राहून जाब विचारणारा कोणी नसतो आणि पाच वर्षांनी त्याला मते मागण्यास दारात यावे लागत नाही. पाणी आले, दिवे लागले. पण पाणी आपल्या संमतीने आले की मर्जीने, हा भेद पुसला गेला. बिघडले ते हे.

राज्यघटनेने ही शक्यता ओळखली होती. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेले अनुच्छेद २४३ यू सांगते की, नगरपालिकेची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक असणार नाही आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावयास हवी. प्रारंभी महामारीचे कारण होते. पुढे प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला. या काळात मुंबईत तीन मुख्यमंत्री झाले आणि एकमेकांच्या विरोधात असलेल्या आघाड्यांनी राज्य केले. पण राज्यभरातील पालिका प्रशासकांच्याच हाती राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली, तेव्हा कोठे मतपेटीपर्यंत वाट उघडली. सत्ताविभाजन कशासाठी असते, याचे उत्तर येथे पुन्हा एकदा मिळाले. एक संस्था थबकली, तेव्हा दुसरीने तिला चालावयास भाग पाडले.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या विचारांची माणसे सत्तेवर असतात, तेव्हा प्रश्न विचारण्याची धार बोथट होते आणि विरोधक सत्तेवर असतात, तेव्हा ती अचानक तीक्ष्ण होते. हा मनुष्यस्वभाव आहे आणि कार्यकर्तेही त्याला अपवाद नाहीत. राज्यशास्त्राचा अभ्यास या स्वभावावर उतारा आहे. सत्ता कोणाचीही असो, विचारावयाचे प्रश्न तेच राहतात: ही सत्ता हिच्याकडे आली कोठून? ती कोणाच्या हितासाठी वापरली जात आहे? आणि तिने कोणाला जाब द्यावयाचा आहे? हे प्रश्न जो केवळ दुसऱ्या पक्षाला विचारतो, तो राजकारण करतो. जो आपल्याही माणसांना विचारतो, तो राज्यशास्त्र शिकला आहे. अमात्यांनी मर्यादेचा उपदेश शत्रूला केलेला नव्हता. ज्याच्या गादीशी त्यांची निष्ठा होती, त्या आपल्याच राजाला तो केला होता. निष्ठा आणि स्पष्टोक्ती एकत्र नांदू शकतात, हा त्या ग्रंथाचा न लिहिलेला धडा आहे.

हा संस्कार करण्यासाठी कोणत्या मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. कुटुंबाने ठरवले, तरी पुष्कळ होईल. सुट्टीच्या दिवशी पन्हाळा पाहावयास गेलेल्या मुलांना तीन दरवाजा आणि अंबरखाना दाखवताना, येथे एका तरुण राजासाठी राजनीतीचा ग्रंथ लिहिला गेला, एवढे सांगता येईल. घरपट्टीचे बिल भरताना ते मुलाच्या हाती देऊन, हा पैसा कोण ठरवतो आणि कोण खर्च करतो, हे विचारता येईल. खेड्यात राहणाऱ्यांना ग्रामसभेचे दार उघडेच आहे; वडिलांबरोबर तेथे एकदा बसलेले मूल ‘ठराव’ या शब्दाचा अर्थ जन्मभर विसरणार नाही. शाळांनी महापालिकेची सभा, जिल्हा परिषद आणि न्यायालयाचे कामकाज मुलांना दाखवावे. तालमी, तरुण मंडळे आणि वाचनालये यांचे जाळे कोल्हापुरात दाट आहे. त्यांनी वर्षातून एक संध्याकाळ आपल्या प्रभागाच्या अंदाजपत्रकासाठी राखून ठेवली, तर नगरसेवकही अभ्यास करून येतील.

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. लोकशाहीत यातील पहिले अंग, म्हणजे स्वामी, हा सामान्य नागरिक झाला आहे. जुन्या काळी राजपुत्राला राजनीती शिकवल्याशिवाय गादीवर बसवणे धोक्याचे मानीत. आज दरवर्षी अठरा वर्षे पूर्ण करणारा प्रत्येक मुलगा आणि मुलगी गादीवर बसते. त्यांना मात्र आपण न शिकवताच बसवतो. या जूनमध्ये पुस्तकांना कव्हरे घालताना ते पातळसे राज्यशास्त्राचे पुस्तक एकदा उघडून, मुलाला शेजारी घेऊन वाचले, तर एका घरातील राजपुत्राचे शिक्षण सुरू होईल.